घाटापेक्षा सपाटी तापवते

हॅनोव्हर, निघायच्या आदल्या दिवशी

काकांची बुली १९७१ ची. फोक्सवॅगनची टाइप २ व्हॅन, बांधणी इथल्याच हॅनोव्हरच्या कारखान्यातली. मागच्या झाकणाआड १,५८४ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ताकद पन्नास हॉर्सपॉवर, आणि थंड ठेवायला पाण्याचा थेंब नाही. रेडिएटर नाही, होजपाइप नाही, वॉटरपंप नाही. गाडी रिकामीच सव्वा टनाच्या आसपास भरते. त्यात आम्ही दोघं, तंबू, गाद्या आणि काकांची अवजारांची पेटी धरली तर सतराशे किलो. असला ऐवज घेऊन ऑस्ट्रियातला ग्रॉसग्लॉकनरचा घाट चढायचा म्हटल्यावर ज्यानं त्यानं एकच प्रश्न विचारला: घाटात तापणार नाही का?

काकांनी त्यावर वाद घातला नाही. मला जुनी चादर दिली आणि म्हणाले, "चल, गाडीखाली शिर. माझे गुडघे आता ऐकत नाहीत."

एअर कूल्ड इंजिनाचा सगळा खेळ हवेच्या वाटेचा. मागच्या खिडक्यांच्या बाजूला चंद्रकोरीसारख्या जाळ्या आहेत, तिथून हवा इंजिनाच्या खोलीत येते. डायनॅमोच्या दांड्यावर बसवलेला पंखा ती ओढतो, पत्र्याच्या मोठ्या आवरणातून सिलिंडर आणि हेडच्या (सिलिंडरांच्या डोक्यावरच्या झाकणांच्या) फिनांवर, म्हणजे धातूच्या पातळ पाकळ्यांवर, दाबून सोडतो आणि तापलेली हवा खाली रस्त्यावर पडते. इंजिनाच्या वर थंड आणि खाली गरम, अशा दोन खोल्या झाल्या म्हणायच्या. मधली भिंत म्हणजे इंजिनाभोवतीचे पत्रे आणि पत्र्याच्या कडेनं फिरणारी रबरी पट्टी. ती पट्टी फाटली, कडक झाली, कुणी काढून टाकली, की खालची गरम हवा वर चढते आणि पंखा तीच पुन्हा फिनांवर मारतो. बाहेर बर्फ पडत असला तरी इंजिन स्वतःचाच गरम श्वास घेत बसतं.

पट्टी तपासायची काकांची रीत सोपी आहे. अंधार पडू द्यायचा. एकानं खालून टॉर्च मारायची, दुसऱ्यानं झाकण उघडून वरून बघायचं. उजेड दिसला तिथून गरम हवा येणार. आम्हाला उजव्या कोपऱ्यात हातभर लांबीची फट दिसली. नवी पट्टी पेटीत होतीच. ती पत्र्याच्या खाचेत सरकवायला साबणाचं पाणी लागतं, आणि शिव्यांचा साठाही.

दुसरी गोष्ट प्लगच्या टोप्यांची. प्रत्येक प्लगच्या वायरला एक रुंद रबरी चकती असते. प्लगपर्यंत हात जायला पत्र्यात जे भोक ठेवलंय ते ती झाकते. बाजारातल्या स्वस्त वायरींना ही चकती नसते. गाडी सुरू होते, चालते, काही बिघडलंय असं वाटत नाही. पण हेडवर जायची हवा त्या भोकातून वर सुटत राहते. तसाच एक छोटा वाकडा पत्रा सिलिंडरांच्या खालून, दोघांच्या मधे बसतो. इंजिन खोलून पुन्हा बांधताना हा पत्रा टाकायचा राहून जातो, कारण त्याच्यावाचून काही अडत नाही. अडतं ते सिलिंडरच्या खालच्या अर्ध्या भागाचं. हवा वरून येते आणि सर्वांत सोप्या वाटेनं पळते. खालच्या बाजूच्या फिनांना मिठी मारून जावं म्हणून तर तो पत्रा आहे. मी चादरीवर पडून आरसा धरला आणि दोन्ही बाजूंचे पत्रे जागेवर असल्याचं ओरडून सांगितलं.

फॅन बेल्ट अंगठ्यानं दाबला तर दीडएक सेंटिमीटर दबायला हवा. ढिला असला तर पंखा घसरतो, फार ताणला तर डायनॅमोचं बेअरिंग जातं. ताण कमी-जास्त करायची सोय गमतीदार आहे: डायनॅमोची पुली दोन अर्धुकांची असते आणि मधे पातळ चकत्या. मधली एक चकती काढून बाहेर लावली की पुलीचे गाल जवळ येतात, बेल्ट वर चढतो आणि ताण वाढतो. २१ चा पाना, पुली अडवायला एक जाड पेचकस, दहा मिनिटांचं काम. आम्ही एक चकती बाहेर घेतली. नवा बेल्ट डॅशबोर्डखालच्या कप्प्यात टाकला, कारण या गाडीत डायनॅमोचा लाल दिवा लागला तर बॅटरीचा विचार नंतर करायचा. आधी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं. बेल्ट तुटला असेल तर पंखाही थांबलेला असतो. याच कंपनीच्या नंतरच्या व्हॅनमध्ये, टाइप ४ म्हणतात त्या १,७०० ते २,००० सीसीच्या इंजिनांत, पंखा थेट क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, टोकाला आहे. तिथे बेल्ट तुटला तर फक्त चार्जिंग जातं.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवायची फट, थंड इंजिनावर ०.१५ मिलिमीटरला सेट केले, टायमिंग लाइट लावून बघितलं, ऑइल बदललं. इतकंच. टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडायची वेळ, थोडं पुढे ठेवलं तर गाडी चपळ वाटते आणि हेड भाजतात; काकांच्या मते निम्म्या जळालेल्या इंजिनांचं कारण हेच. ऑइल जेमतेम अडीच लिटर, आणि या इंजिनाला तेच अर्धं रेडिएटर. अडीचातलं लिटरभर कमी झालं तर उरलेल्याला तेवढीच उष्णता वाहून न्यायची असते. पातळी रोज सकाळी बघायची, गाडी सपाटीवर असताना, इंजिन थंड असताना. यावर चर्चा नाही.

हॅनोव्हर ते व्युर्ट्सबुर्ग

ए-७ हा दक्षिणेकडे जाणारा महामार्ग. सकाळी ऊन नव्हतं, काटा शांत. काकांनी नंबर तीन सिलिंडरच्या प्लगखाली वायसरसारखी एक कडी बसवली आहे आणि तिची वायर पुढे डॅशबोर्डवरच्या गेजला आणली आहे. हेडचं तापमान ती दाखवते. नंबर तीन म्हणजे डावीकडचं, गाडीच्या नाकाच्या दिशेचं. १९७० पूर्वीच्या इंजिनांत ऑइल कूलर पंख्याच्या आवरणातच, नेमका या बाजूच्या हवेच्या वाटेत उभा असायचा. तिसऱ्या सिलिंडरला उरलेली आणि आधीच तापलेली हवा मिळायची, आणि एग्झॉस्ट व्हॉल्व्ह तुटून पिस्टनवर पडायचा तो बहुधा इथलाच. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर त्या वाटेतून बाहेर सरकवून त्याला स्वतंत्र वाट दिली. आमच्या गाडीत ती सुधारणा आहे, तरी काकांची कडी तिसऱ्यावरच. सवय म्हणा.

काकांनी स्वतःसाठी घातलेली मर्यादा अशी: सलग २०० अंश सेल्सिअस, चढावर थोडा वेळ २२०, त्याच्या वर पाय उचलायचा. कडीची जागा आणि गेजची जात बदलली की आकडे बदलतात, त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावण्यात अर्थ नाही. आपल्या गाडीचा रोजचा आकडा माहीत असणं महत्त्वाचं.

ग्योटिंगेनपर्यंत ८५ च्या वेगानं काटा १७५ ला होता. पुढे वेरा नदीचं खोरं आणि कासेलच्या टेकड्या. हा महामार्ग इथे सपाटीसारखा वागत नाही; लांबलचक उतार, मग तितकाच लांब चढ, ट्रक एकामागून एक रांगत असतात. चढाच्या सुरुवातीला मी चौथ्यातच होते. वेग ७५, ७०, ६५. पाय पूर्ण दाबलेला, इंजिनाचा आवाज जड.

"तिसरा टाक," काका म्हणाले.

"अजून ओढतेय ना, काका."

"ओढतेय गं, पण पंखा झोपलाय."

नंतर थांब्यावर त्यांनी हिशोब मांडला. चौथ्यात ताशी ६० ला इंजिन मिनिटाला २,२०० च्या आसपास फिरतं, तिसऱ्यात त्याच वेगाला ३,३००. पंखा इंजिनाला बांधलेला, म्हणजे तिसऱ्यात दीडपट हवा. गाडी तीच, चढ तोच, लागणारी ताकद तीच. चौथ्यात रेटलं तर तेवढीच उष्णता कमी हवेत घालवायची, शिवाय पेट्रोल पूर्ण उघड्या थ्रॉटलवर जळत असल्यानं नॉकिंगची, म्हणजे ते अवेळी फुटून ठोके पडण्याची भीती. आवाज वाढला म्हणून इंजिनाला त्रास होतोय असं वाटतं ते कानांना. हेडला उलट बरं वाटतं. तिसरा टाकल्यावर काटा १९५ वरून दोन-तीन मिनिटांत १८५ ला आला, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

पाण्यानं थंड होणाऱ्या गाडीवर शिकलेल्यांना आणखी एक खोड असते. काटा चढला की हिटर पूर्ण उघडायचा. तिथे ते बरोबर आहे, कारण हिटर म्हणजे आणखी एक छोटा रेडिएटर. इथे हिटरची ऊब एग्झॉस्टच्या नळ्यांभोवतून येते. तो उघडून हेड थंड होत नाहीत, आपणच उकडून निघतो.

खरा धडा मिळाला तो टेकड्या संपल्यावर, फुल्डाच्या पुढे. दुपार झाली होती, बाहेर ३२ अंश, वारा समोरून. उशीर होतोय म्हणून मी १०० धरले. चढ नाही, गर्दी नाही, गिअर बदलायची कटकट नाही. आणि काटा १८५, १९०, १९८ असा सावकाश, जराही घाई न करता चढत राहिला. २०५ ला मी पाय काढला.

वारा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या हिशोबानं वाढते. ८५ चे १०० केले तर ती साधारण ६० टक्क्यांनी वाढते. पंखा मात्र जेमतेम १८ टक्के जास्त फिरतो. समोरून वारा असला तर हे गणित आणखी बिघडतं. बुलीचं नाक म्हणजे उभी भिंत. काकांनी नकाशाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून दाखवलं: सतराशे किलो, बारा टक्के चढ, ताशी ३५, तर तीस हॉर्सपॉवरच्या आत. सपाटीवर १०० आणि समोरून वीसचा वारा, तर चाळीसच्या पुढे. घाट तासाभरात संपतो. महामार्ग चार-चार तास चालतो, तोही भर उन्हात.

लोक घाटाला घाबरतात आणि सपाटीवर इंजिन जाळतात, हे तेव्हा डोक्यात पक्कं बसलं. उरलेला रस्ता ८५ नं, ट्रकच्या रांगेत. ट्रकच्या फार जवळ जायचं नाही, मागचा धूर आणि गरम हवा आपल्याच जाळीत येते.

व्युर्ट्सबुर्ग ते म्युनिकच्या अलीकडे

न्यूर्नबेर्गपर्यंत सांगण्यासारखं काही नाही.

ए-९ वर इंगोलश्टाटच्या अलीकडे रस्त्याचं काम, आणि तासभर मुंगीच्या पावलांनी रांग. मला इथे धास्ती होती. पण निवांत फिरणारं इंजिन उष्णताही थोडीच करतं आणि पंखा इंजिनासोबत फिरतच असतो. त्याला समोरून येणाऱ्या वाऱ्याची गरज नसते. हेडचा काटा १६० च्या खाली आला. कूलरमधून हवा कमी जाते, ऑइल हळूहळू तापतं आणि पातळ होतं, तेव्हा ऑइलच्या दिव्याकडे लक्ष ठेवायचं. रेस दिल्यावर दिवा विझत असेल तर ठीक. विझला नाही तर इंजिन बंद. आमचा लागलाच नाही.

रांग सुटल्यावर मात्र काहीतरी बदललं. ८० ला काटा १९५. सकाळी याच वेगाला १७५ होता. हवा तितकीच गरम, रस्ता सपाट. पाय काढला की सायलेन्सरमधून फटफट आवाज येत होता आणि थांबल्यावर इंजिन जरा जास्तच जोरात फिरत होतं.

"पेट्रोल कमी, हवा जास्त," काका झाकण न उघडताच म्हणाले. "कुठूनतरी चोरून हवा घेतंय."

या इंजिनात कार्बोरेटरपासून दोन्ही बाजूंच्या हेडकडे जाणाऱ्या नळ्यांना मधे रबरी बाही असते, दोन क्लिपांनी आवळलेली. रबर उष्णतेनं चिरतं. चिरेतून हवा आत गेली की त्या बाजूच्या दोन सिलिंडरांना मिश्रण पातळ मिळतं. पातळ मिश्रण गरम जळतं, आणि पंखा, बेल्ट, पत्रे कितीही धडधाकट असले तरी ती उष्णता त्यांना झेपत नाही. काही जण चीर शोधायला कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारतात. तापलेल्या इंजिनावर तो मारणं म्हणजे आगीला आवतण. काकांनी बाटलीतलं साधं पाणी फवारलं. डाव्या बाहीवर थेंब पडले आणि क्षणभर इंजिनाचा सूर बदलला. चीर खालच्या बाजूला होती, वरून बघून दिसली नसती.

बाही बदलायला त्या नळीचं (मॅनिफोल्डचं) टोक सोडवावं लागतं. इंजिन पुरतं गार होईपर्यंत आम्ही कॅम्पिंगच्या मैदानात बसून राहिलो, कारण या इंजिनाचं क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं, हेड ॲल्युमिनियमचे. गरम असताना बोल्ट पिळायला गेलं तर आट्या निघून हातात येतात. रात्री साडेनऊला काम संपलं. काकांनी वापरलेली फडकी मोजून पेटीत ठेवली. इंजिनाच्या खोलीत विसरलेलं फडकं पंखा ओढून घेतो, आणि मग हवेची वाटच बंद.

म्युनिक ते ब्रुक

छोटा पल्ला. पहाटे निघून म्युनिकला वळसा, इर्शेनबेर्गवरून उतार, इन नदीच्या खोऱ्यात कुफ्श्टाइन, मग झालफेल्डन आणि त्सेल आम झे. काटा पुन्हा १७५ ला बसला होता, आणि दिवसभरात आम्ही त्याच्याविषयी फारसं बोललोही नाही. ब्रुक हे घाटाच्या पायथ्याचं गाव, उंची साडेसातशे मीटर.

तळावर शेजारी दुसरी एक जुनी व्हॅन उभी होती आणि तिच्या मालकानं थर्मोस्टॅट काढून टाकल्याचं अभिमानानं सांगितलं. तो काढला की इंजिन गार राहतं, ही समजूत फार पसरलेली आहे. थर्मोस्टॅट म्हणजे उजव्या सिलिंडरांच्या खाली बसवलेला धातूचा चुणीदार डबा. इंजिन गार असताना तो आक्रसलेला असतो आणि पंख्याच्या आवरणातल्या झडपा मिटलेल्या राहतात. साधारण ६५ ते ७० अंशांना तो फुगतो, झडपा उघडतात. डबा फुटला तर तो ताणलेलाच राहतो, म्हणजे झडपा उघड्या. बिघाड झाला तरी इंजिन तापणार नाही, अशीच त्याची रचना. तो काढून मिळतं काय? इंजिन उशिरा गरम होतं, थंड ऑइलवर जास्त वेळ चालतं, झिजतं. काकांनी त्या गृहस्थांना हे समजावायचा प्रयत्न केला. ते हसून मान हलवत राहिले.

ग्रॉसग्लॉकनर

हा रस्ता ऑगस्ट १९३५ मध्ये खुला झाला. फ्रान्झ वालाक या अभियंत्यानं आखलेला, ४८ किलोमीटरचा, ३६ वळणांचा, जास्तीत जास्त चढ बारा टक्के. उघडल्यापासून गाड्या बनवणाऱ्या कंपन्या इथे चाचण्यांसाठी येत आल्या आहेत. ब्रेक आणि कूलिंग, दोन्हींची परीक्षा एकाच दिवशी होते.

आम्ही सकाळी लवकर निघालो. ऊन चढायच्या आत वर पोहोचायचं, हे एक कारण. मागे गाड्यांची रांग लागली तर मनावर दडपण येऊन चुकीच्या गिअरमध्ये घाई होते, हे दुसरं. फेर्लाइटनच्या टोलनाक्यापर्यंत इंजिन पूर्ण गरम झालं होतं. तिथून फुशर ट्योर्लपर्यंत साडेबाराशे मीटरहून जास्त चढ.

दुसरा गिअर, ताशी ३५. इंजिन ३,२०० वर, म्हणजे पंखा महामार्गावर ताशी ९० ला फिरतो तितकाच. आवाज भरपूर, वेग सायकलवाल्याला लाजवणारा नाही. मी थ्रॉटल पूर्ण दाबला नाही. तीन-चतुर्थांश दाबून जो वेग मिळेल तो घ्यायचा. वळणाच्या आत जाताना वेग पडायला लागला की पहिला टाकायचा, दुसऱ्यातच गुदमरवायचं नाही. पहिल्या काही वळणांत काटा १९० वर गेला आणि तिथेच थांबला. मी दर अर्ध्या मिनिटाला त्याच्याकडे बघत होते.

"रस्त्याकडे बघ," काका म्हणाले. "काट्याकडे बघायला मी आहे."

वर जाऊ तसं दोन गोष्टी उलट दिशांना ओढतात. अडीच हजार मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या मानानं वीस-बावीस टक्के विरळ होते, म्हणजे पंखा तितकंच फिरून कमी वजनाची हवा फेकतो. पण इंजिनालाही हवा कमीच मिळते, ताकद घटते, उष्णताही घटते. कार्बोरेटरचं मिश्रण उंचीवर पातळ न होता उलट घट्ट होत जातं, जरा काळा धूर, जरा आळस. वरची हवा मुळातच गार. हजार मीटरला साडेसहाएक अंशांनी उतरते. हेडच्या दृष्टीनं बेरीज-वजाबाकी आपल्या बाजूनं पडते. दोन हजार मीटरच्या वर पहिल्या गिअरची वेळ वारंवार आली, वेग वीसच्या आसपास, तरी काटा १९५ च्या पुढे गेला नाही. फुल्डाच्या पुढे सपाटीवर २०५ होता.

एकदा मुद्दाम थांबलो. उतरल्या उतरल्या चावी फिरवली नाही. मिनिट-दोन मिनिटं इंजिन निवांत चालू ठेवायचं, काटा १५० च्या आसपास येऊ द्यायचा, मग बंद. लगेच बंद केलं तर पंखाही त्याच क्षणी थांबतो आणि हेडमधली उष्णता आजूबाजूला पसरते. पेट्रोलचा पंप आणि कार्बोरेटर तापतात, पेट्रोलची वाफ होते आणि दहा मिनिटांनी गाडी सुरूच होत नाही. आमच्या पुढे थांबलेल्या एका गाडीचं तेच झालं. तिचा मालक स्टार्टर मारमारून बॅटरी संपवत होता. काकांनी त्याला झाकण उघडून अर्धा तास बसायला सांगितलं. अर्ध्या तासानं ती पहिल्या झटक्यात लागली.

झाकण चालताना उघडं ठेवावं का, यावर मात्र दोन मतं आहेत आणि दोन्ही बाजू हट्टी आहेत. काकांचं मत नको असं, कारण मागच्या झाकणातून सायलेन्सरजवळची गरम हवा आत यायची वाट होते. पटतं. रबरी पट्टीसाठी रात्र घालवायची आणि मग दार उघडं ठेवायचं, यात काय शहाणपण?

फुशर ट्योर्ल २,४२८ मीटर. तिथून एक फाटा एडेलवाइसश्पिट्झेला जातो, २,५७१ मीटर, फरसबंदीचा आणि आणखी उभा. काका नको म्हणाले, मी हट्ट केला, आणि पहिल्या गिअरमध्ये वर गेलो. तीन हजार मीटरच्या वरची इतकी शिखरं एका नजरेत पहिल्यांदाच पाहिली. गेजकडे बघायचं दोघांनाही सुचलं नाही, हेही खरं.

फुशर ट्योर्लनंतर रस्ता जरा उतरतो आणि पुन्हा होखटोरला चढतो, २,५०४ मीटर. तिथला बोगदा ओलांडला की दक्षिण.

होखटोर ते लिएन्झ

उतारावर इंजिन थंड करायची संधी असते आणि बरेच जण ती घालवतात, न्यूट्रलमध्ये उतरून. दुसऱ्या गिअरमध्ये पाय काढून उतरलं तर इंजिन ३,००० वर फिरतं, पंखा जोरात, आणि पेट्रोल जवळजवळ जळतच नाही. काटा बघता बघता १२० च्या खाली आला. ब्रेकही वाचले. पुढे डिस्क, मागे ड्रम. १९७१ च्या मॉडेलला पुढे डिस्क आले, त्याआधीच्या गाड्यांना चारही ड्रम. हायलिगेनब्लूटपर्यंत बाराशे मीटर उतार, त्यात ड्रम तापले तर पेडल लिबलिबीत होतं, आणि तेव्हा इंजिनाच्या तापमानाची चिंता कुणाला उरत नाही.

एकच जपायचं: लांब उतारानं हेड गार झाल्यावर लगेच पूर्ण थ्रॉटल द्यायचा नाही. विंकलर्नहून इझेल्सबेर्गचा छोटा चढ लागतो, माथा बाराशे मीटर उंचीवर. तो आम्ही तिसऱ्यात, हलक्या पायानं घेतला.

लिएन्झ

सकाळी इंजिन पूर्ण गार असताना टॅपेट पुन्हा बघितले. गाडी इतकी तापल्यावर-निवल्यावर हे करायचंच, विशेषतः तिसऱ्याचा एग्झॉस्ट. तिथली फट कमी झालेली सापडली तर व्हॉल्व्ह ताणला जातोय किंवा त्याची बैठक (सीट) खचतेय असं समजायचं. एकदा सेट करून पुन्हा थोड्याच अंतरानंतर कमी झाली तर घरी जायला दुसरं वाहन शोधायचं. आमची ०.१५ ची पाती चारही सिलिंडरांत हव्या तेवढ्याच अडखळीनं सरकली. ऑइल डिपस्टिकवर बोटभर उतरलं होतं, ते भरलं. फिनांवर पानं, किडे अडकलेत का हे आरशानं बघितलं. डाव्या बाजूला पुशरॉडच्या नळीतून किंचित ऑइल झिरपत होतं. त्यावर धूळ बसून फिनांवर लेप होतो आणि मग हवा नुसती वरून सरकते. पुसून काढलं. हिवाळ्यात सील बदलायचं आहे.

परतीचा बेत घाटाचा नाही, फेल्बरटाउअर्नच्या बोगद्याचा. पहाटे पाचला निघायचं, नऊच्या सुमारास इर्शेनबेर्ग या बाजूनं चढायचा (हा खरा उभा चढ, म्युनिककडे जाताना लागतो), आणि ऊन वर यायच्या आत म्युनिक मागे टाकून दुपार कुठल्यातरी झाडाखाली. उत्तरेकडचा सपाट ए-७ संध्याकाळनंतर, ८५ नं. काकांनी वेळापत्रक असं आखलंय की घाटांना सकाळ आणि सपाटीला रात्र.

माझी एक मागणी शिल्लक आहे. हेडचा काटा आहे, ऑइलचा नाही. डिपस्टिकच्या जागी बसणारं थर्मामीटर मिळतं. ऑइल ९० ते ११० मध्ये असावं, १२० च्या पुढे गेलं तर थांबावं, हे त्यावर सरळ वाचता येतं. काकांचं म्हणणं, डिपस्टिक चिमटीत धरवते की नाही यावरून सगळं कळतं. त्यांच्या चिमटीला कळत असेल. मी विंकलर्नला धरली तेव्हा मला फक्त भाजलं. थर्मामीटर मी मागवणार आहे.